नवा लॅपटॉप आणि आपलं खातं: खर्च कशावर करावा, कशावर नाही

लॅपटॉपचं बिल झालं, पैसे दिले, की काउंटरपलीकडून हमखास विचारणा होते: "चालू करून देऊ का? विंडोज, ऑफिस, अँटिव्हायरस, सगळं टाकून देतो." या कामाचे कुठे पाचशे रुपये घेतात, कुठे हजार-दीड हजार, तर कुठे ते 'फ्री' असतं. लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरून, घासाघीस करून दीड-दोन हजार वाचवणारं गिऱ्हाईकही इथे लगेच मान डोलावतं, कारण हे काम आपल्याला जमणार नाही अशी धास्ती मनात असते.

माझा सल्ला असा, की नको म्हणा. फुकट करून देत असतील तरी नको म्हणा. विंडोज ११ चा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा त्याला एक खातं जोडलं जातं आणि दोन मोलाच्या गोष्टी त्या खात्याच्या नावावर जातात: लॅपटॉपसोबत मिळालेलं ऑफिस आणि कुलूपबंद झालेली डिस्क उघडणारी रिकव्हरी की. दुकानातल्या मुलाने घाईत स्वतःचा किंवा दुकानाचा ईमेल टाकला, तर पैसे आपण मोजूनही या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे राहतात. त्यात त्याचा वाईट हेतू असेलच असं नाही. दिवसाला पाच लॅपटॉप चालू करून देणारा माणूस प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाचा नवा ईमेल तयार करत बसत नाही, इतकंच. पण दोन वर्षांनी लॅपटॉप ती की मागेल तेव्हा तो मुलगा त्या दुकानात असेल का, हा प्रश्न आपला असतो.

हे सगळं काम घरी एका संध्याकाळी होतं.

लोकल खातं म्हणजे काय, ते कोणाला हवं?

लोकल खातं म्हणजे फक्त त्या एका लॅपटॉपपुरतं नाव आणि पासवर्ड. ते कुठल्याही ईमेलला बांधलेलं नसतं आणि आत शिरायला इंटरनेट लागत नाही. विंडोज ७ पर्यंत घरोघरची खाती अशीच असायची. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑनलाइन खात्याचा आग्रह धरला. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं आणि 'होम' आवृत्तीत त्या आग्रहाची सक्ती झाली. पुढच्या वर्षी '२२एच२' या आवृत्तीपासून 'प्रो'मध्येही वैयक्तिक वापरासाठी इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं जाऊ लागलं.

एकच लॅपटॉप घरातले चौघं वापरतात, तिथे लोकल खाती सोयीची पडतात. आई, बाबा, ताई यांची प्रत्येकाची वेगळी जागा होते आणि त्यासाठी प्रत्येकाचा ईमेल काढावा लागत नाही. दुकानात बिलं करणाऱ्या मुलाला मालकाच्या ईमेलपर्यंत पोहोचता येऊ नये, तिथेही हेच खातं बरं. आपले फोटो आणि कागदपत्रं न विचारता वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर, चढू नयेत असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी तर नक्कीच. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी असते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर तिकडे चढायला लागले, की फोटोंची आवड असलेल्या घरात ती लवकर भरते आणि मग जागा विकत घ्या अशा सूचना रोज येऊ लागतात.

लोकल खात्याने विंडोजची अपडेट्स, विंडोजमधला डिफेंडर अँटिव्हायरस, पिन, बोटाचा ठसा, प्रिंटर, वॉरंटी यांतलं काहीही अडत नाही. स्टोअरमधली बरीचशी मोफत ॲपही मिळतात. मात्र हरवलेला लॅपटॉप नकाशावर शोधण्याची सोय मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय चालत नाही. मुलांच्या वापराच्या वेळा ठरवणारं 'फॅमिली सेफ्टी'ही मुलाच्या नावाचं मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. शिवाय लोकल खात्याचा पासवर्ड विसरला तर मोबाइलवर ओटीपी मागवून तो बदलता येत नाही. त्यावर उपाय आहे, पुढे सांगतो.

दुकानात इतकंच करा

लॅपटॉप दुकानात चालू करून बघायलाच हवा. बरेच नवे लॅपटॉप चार्जर लावल्याशिवाय जागे होत नाहीत, म्हणून आधी चार्जर लावायला सांगा. देश निवडण्याचा पहिला पडदा आला, की पडद्यावर काळे किंवा रंगीत ठिपके आहेत का, बिजागरी सैल आहे का, चार्जिंगचा दिवा लागतो का, हे पाहा. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना, हे ताडून घ्या. मग पॉवरचं बटण दाबून धरा आणि बंद करा. त्या पडद्यावर बंद केल्याने काहीही बिघडत नाही, घरी तो तिथूनच सुरू होतो.

बिल जीएसटीचं, पक्कं घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो सांगितलेल्या किमतीत धरलेला आहे की वर लागणार आहे, हे भाव ठरवतानाच विचारा. 'सेटअप चार्ज' म्हणून वेगळी रक्कम बिलात आधीच घातली असेल तर काढायला सांगा. न मागितलेल्या सेवेचे पैसे देण्याचं कारण नाही. सोबत लॅपटॉपमध्ये ऑफिस आहे का, असल्यास कायमचं आहे की चाचणीपुरतं, हेही विचारून घ्या. "ऑफिस आहे" या दोन शब्दांत दोन्ही प्रकार मावतात आणि किमतीत काही हजारांचा फरक असतो.

घरी: आधी आपलं मायक्रोसॉफ्ट खातं, मग लोकल

लोकल खातं हवं असताना आधी मायक्रोसॉफ्टचं खातं का, असं कोणीही विचारेल. सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून एखादी आज्ञा लिहायची आणि इंटरनेटची अट चुकवायची, अशी युक्ती कित्येक व्हिडिओंत दाखवलेली असते. ती बराच काळ चालली. पण मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या चाचणी आवृत्तीतून त्या युक्तीमागची फाइल काढली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उरलेल्या पळवाटाही बंद करायला घेतल्या. तुमच्या लॅपटॉपमध्ये कोणती आवृत्ती येईल त्यावर ती चालणं-न चालणं ठरतं. ज्याला संगणकाची सवय आहे त्याने खुशाल करून पाहावं. बाकीच्यांसाठी मी सुचवतो तो रस्ता विंडोजच्या सेटिंग्जमध्येच दिलेला आहे आणि त्यात एक जादा फायदाही आहे.

सुरुवात करण्याआधी इंटरनेटचा विचार करा. पहिल्या दिवशी विंडोज काही जीबींची अपडेट्स उतरवतं. मोबाइलचा रोज दीड किंवा दोन जीबीचा पॅक असेल तर तो मध्यातच संपतो आणि वरून डेटा विकत घ्यावा लागतो. घरात ब्रॉडबँड असेल तर प्रश्न नाही, नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन जा. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तरी चालावं म्हणून बॅटरी भरलेली असू द्या.

मग पडद्यांमागून पडदे येतात. देश 'इंडिया', कीबोर्ड सुचवला असेल तो, दुसरा कीबोर्ड 'स्किप', मग वायफाय. लॅपटॉपला नाव द्यायला सांगतो तिथे काहीही सुटसुटीत द्या. 'पर्सनल यूज' निवडलंत की मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. आधीचं असेल तर ते, नसेल तर तिथेच नवं मोफत काढा. महत्त्वाचं हे, की ते ज्याचा लॅपटॉप त्याच्या नावाचं असावं आणि त्याला त्याचाच मोबाइल नंबर जोडावा. अमेरिकेत किंवा दुबईत असलेला मुलगा सुट्टीत येऊन आई-वडिलांना लॅपटॉप लावून देतो आणि सवयीने स्वतःचं खातं टाकतो, तेव्हाही दुकानदाराच्या बाबतीतला पेच उभा राहतो. लॅपटॉप पुण्यात अडतो आणि किल्ली कॅलिफोर्नियात असते, तीही तिथल्या मध्यरात्री.

पुढे ठिकाण, निदानासाठीची माहिती, टायपिंगची माहिती, जाहिरातींसाठीचा आयडी अशी बटणं येतात. हरवलेला लॅपटॉप शोधण्याची सोय हवी असेल तर ठिकाण आणि 'फाइंड माय डिव्हाइस' ठेवा, बाकी सगळी बंद करा. त्याने लॅपटॉपचं काहीही अडत नाही. मग येतात विक्रीचे पडदे: मायक्रोसॉफ्ट ३६५ ची चाचणी, खेळांची वर्गणी, जास्तीची वनड्राइव्ह जागा. चाचणी महिनाभर फुकट असते, पण कार्डाचा नंबर आधी मागतात आणि मुदत संपली की पैसे आपोआप कापले जाण्याची व्यवस्था असते. या पडद्यांवर नकाराचं बटण बारीक अक्षरात, कोपऱ्यात असतं. ते शोधा. कार्डाचा नंबर मागणारा एकही पडदा नव्या लॅपटॉपच्या सेटअपसाठी आवश्यक नाही.

रिकव्हरी की: या कागदाला विसरू नका

सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हा आहे आणि दुकानात नेमका हाच कोणी सांगत नाही.

२०२४ च्या शेवटी आलेल्या '२४एच२' आवृत्तीपासून बहुतेक नव्या लॅपटॉपांत, होम आवृत्तीतसुद्धा, डिस्कवरची माहिती सांकेतिक रूपात साठवली जाते. लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, तरी त्याला आपली कागदपत्रं वाचता येत नाहीत. सोय चांगली आहे. पण कधीकधी लॅपटॉप मालकालाच ओळखत नाही. मदरबोर्ड बदलला, बायोसचं अपडेट झालं, किंवा विंडोजच्या एखाद्या अपडेटमध्ये गडबड झाली, की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. जुलै २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर काही संगणकांनी अशी की मागितली होती आणि मायक्रोसॉफ्टने ते मान्यही केलं होतं. की नसेल तर लॅपटॉप पुसून नव्याने चालू करता येतो, पण आतली माहिती कायमची जाते. कोणताही दुरुस्तीवाला, कितीही पैसे घेऊन, ती परत आणू शकत नाही. "डेटा रिकव्हर करून देतो" म्हणून दहा-पंधरा हजार सांगणाऱ्याला या एका बाबतीत पैसे देऊ नका.

ही की पहिल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. म्हणून ते खातं आपलं असायला हवं. आणि इथेच मघाशी म्हटलेला जादा फायदा आहे: होम आवृत्तीत सुरुवातीपासून नुसतं लोकल खातं ठेवलं, तर डिस्कचं हे कुलूप पूर्ण लागतच नाही. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' उघडलं तर काम पुरं करायला मायक्रोसॉफ्ट खात्याने आत या, असं लिहिलेलं दिसतं. एकदा आपल्या खात्याने आत गेलं, कुलूप लागलं, रिकव्हरी की आपल्या हाती आली, की मग लोकल खात्याकडे वळायला हरकत नाही. कुलूप तसंच राहतं.

की मिळवायची अशी: मोबाइलवरून किंवा लॅपटॉपवरून मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर जा, 'डिव्हाइसेस'मध्ये आपला लॅपटॉप निवडा, तिथे बिटलॉकर, म्हणजे डिस्कच्या या कुलपाच्या, नावाखाली की दिसते. ४८ अंक आठ गटांत असतात. त्याची प्रिंट काढा, किंवा वहीत उतरवून दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्या. त्यावर लॅपटॉपचं मॉडेल लिहा आणि घराच्या महत्त्वाच्या कागदांत, बिलासोबत ठेवा. की लॅपटॉपमध्येच साठवून ठेवण्यात काही अर्थ नाही आणि लॅपटॉपच्या बॅगेत तर ती मुळीच ठेवू नका. खर्च प्रिंटचे पाच-दहा रुपये.

आता लोकल खातं

दोन रस्ते आहेत. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'युवर इन्फो' इथे 'साइन इन विथ अ लोकल अकाउंट इन्स्टेड' असा पर्याय मिळतो. तो दाबला की आहे तेच खातं लोकल होतं. यात एक उणीव राहते: मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की विंडोज वापरकर्त्याच्या फोल्डरला ईमेलमधली पहिली पाच अक्षरं देतं आणि ते तुटकं नाव पुढे तसंच राहतं.

मला दुसरा रस्ता जास्त पसंत आहे. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अदर युजर्स', 'ॲड अकाउंट'. ईमेल मागितला जाईल. तिथे खाली 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' आणि पुढच्या पडद्यावर 'ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' निवडा. नाव, पासवर्ड आणि तीन सुरक्षा प्रश्न भरले की खातं तयार. नाव इंग्रजी अक्षरांत आणि वीस अक्षरांच्या आत ठेवा. फोल्डरचं नाव त्यावरूनच पडतं आणि देवनागरी नावाच्या फोल्डरपाशी काही जुनी सॉफ्टवेअर अडखळतात.

हे नवं खातं आपोआप 'स्टँडर्ड' प्रकारचं होतं. ते तसंच राहू द्या. रोजची कामं त्यातच करा. आधीचं मायक्रोसॉफ्टचं खातं 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून बाजूला असू द्या, त्याचा वापर नवं सॉफ्टवेअर टाकायला लागेल तेवढाच. स्टँडर्ड खात्यातून एखादी फसवी फाइल उघडली गेली तर तिला सगळ्या लॅपटॉपवर ताबा मिळवण्याआधी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागावा लागतो. घरातल्या ज्येष्ठांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी इतकं साधं, बिनखर्चाचं संरक्षण दुसरं नाही. बाजारात त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

सुरक्षा प्रश्नांची उत्तरं खरी देण्याची सक्ती नसते. जन्मगाव आणि पहिल्या शाळेचं नाव नातेवाइकांनाच काय, शेजाऱ्यांनाही ठाऊक असतं. वेगळी उत्तरं द्या आणि रिकव्हरी कीच्या कागदावरच लिहून ठेवा. त्याहून भक्कम उपाय पेन ड्राइव्हचा. लोकल खात्यात शिरून शोधपट्टीत 'क्रिएट अ पासवर्ड रिसेट डिस्क' असं लिहा. सांगेल ते पडदे पुरे केले की पेन ड्राइव्हवर एक लहान फाइल तयार होते. पासवर्ड विसरलात तर तो पेन ड्राइव्ह लावून नवा ठेवता येतो. पुढे पासवर्ड कितीदा बदलला तरी हाच ड्राइव्ह चालतो. घरात पडलेला जुना पेन ड्राइव्ह पुरतो, नवा घेतला तर तीन-चारशे रुपयांत मिळतो. मात्र तो ज्याच्या हाती लागेल त्याला आपलं खातं उघडेल, म्हणून तोही कपाटात.

एक सापळा लक्षात ठेवा. लोकल खात्यात असताना ऑफिस किंवा स्टोअरमध्ये ईमेल टाकून आत गेलात, की हेच खातं लॅपटॉपभर वापरू का, असं विचारलं जातं. न वाचता 'नेक्स्ट' दाबलं तर त्या ईमेलची सोबत लॅपटॉपभर लागते. तिथे फक्त याच ॲपपुरतं असा पर्याय निवडा.

प्रो आवृत्ती असेल तर सेटअपमध्ये 'वर्क ऑर स्कूल' निवडून, 'साइन-इन ऑप्शन्स'मधून 'डोमेन जॉइन इन्स्टेड' घेतलं की थेट लोकल खातं होतं. प्रोमध्ये बिटलॉकरही लोकल खात्यातून चालू करता येतं आणि की स्वतः छापून घेता येते. पण एवढ्यासाठी होमचं प्रो करू नका. त्या बदलाचे अमेरिकेत ९९ डॉलर पडतात, भारतातला दर सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन' इथे दिसतो. घरगुती वापरात तो पैसा वसूल होत नाही.

खरा खर्च कुठे आहे

लोकल खातं ठेवलं की वनड्राइव्हची आपोआप होणारी प्रत थांबते. म्हणून पैसे टाकायचेच असतील तर बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कवर टाका. एक टीबीची डिस्क साधारण पाच-सात हजारांत मिळते, महिन्यातून एकदा ती लावून फोटो आणि कागदपत्रांची प्रत घ्यायची. लॅपटॉपच्या किमतीत डिस्कचे पैसे आधीच धरा. दुकानदाराने सुचवलेली बॅग, माऊस, कीबोर्डवरचं प्लास्टिक यांपेक्षा हा खर्च कितीतरी गरजेचा आहे.

ऑफिसचा हिशेब असा. लॅपटॉपसोबत कायमचं ऑफिस आलं असेल तर ते आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून चालू करून घ्या. त्याला मुदत असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात करा. आलं नसेल आणि वर्गणीचं घेतलं, तर एका माणसाच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ ला वर्षाला सात हजारांच्या आसपास पडतात, सहा जणांपर्यंतच्या कुटुंबाच्या योजनेला आठ हजारांच्या आसपास. चार माणसं वापरणार असतील तर दुसरी योजना उघडच स्वस्त. पण अर्ज, बायोडेटा, शाळेचे प्रकल्प, घरखर्चाचा तक्ता एवढंच काम असेल तर लिबरऑफिस पूर्ण मोफत आहे, लोकल खात्यात बिनबोभाट चालतं आणि मराठीही नीट दाखवतं. माझ्या मते दहापैकी सात-आठ घरांना तेवढं पुरेल.

अँटिव्हायरस विकत घेण्याची घाई नको. विंडोजमध्ये डिफेंडर असतोच आणि अपडेट्स वेळेवर होऊ दिली तर घरगुती वापराला तो पुरतो. कंपनीने चाचणीपुरता दुसरा अँटिव्हायरस घालून दिला असेल तर मुदत संपण्याची वाट न पाहता तो काढून टाका. डिफेंडर आपोआप पुढे येतो.

मराठीसाठी वेगळे पैसे मागणारी दुकानं अजूनही आहेत. देऊ नका. सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज' इथे मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच आहे, त्यात इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करता येतं. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपांत 'होम सिंगल लँग्वेज' आवृत्ती असते. तिच्यात मेनूंची भाषा बदलता येत नाही, पण कीबोर्ड जोडायला काहीच आडकाठी नसते. शासकीय कामासाठी किंवा छपाईसाठी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटची अट असेल तरच वेगळं सॉफ्टवेअर घ्या.

आता विंडोज नसलेला लॅपटॉप. बिलावर 'डॉस' किंवा 'लिनक्स' लिहिलेलं मॉडेल काही हजारांनी स्वस्त दिसतं आणि त्यावर "पाचशेत विंडोज टाकून देतो" अशी भर असते. ते विंडोज चोरीचं असतं. ते चालू दिसावं म्हणून जो 'ॲक्टिव्हेटर' चालवतात, त्यासाठी आधी डिफेंडर बंद करावा लागतो. ज्या लॅपटॉपवरून आपण बँकेचे व्यवहार करणार, त्यात पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाचा प्रोग्राम शिरू द्यायचा, हे कोणत्याही बचतीत बसत नाही. शिवाय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं हा गुन्हा आहे: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकतं. दुकान किंवा क्लास चालवणाऱ्यांनी ही शेवटची सवलत आपल्याला नाही हे ध्यानात घ्यावं.

त्या स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणं मात्र उत्तम. दोन्ही मोफत आहेत आणि त्यांत लोकल खात्याखेरीज काही मागितलंच जात नाही. टॅलीसारखं फक्त विंडोजवर चालणारं काही लागत नसेल, तर निवृत्त माणसाच्या ब्राउझर, ईमेल आणि व्हिडिओ कॉलला ते छान पुरतं. मॅकबुकमध्येही खातं मुळात लोकलच असतं, ॲपलचं खातं 'नंतर' म्हणून बाजूला ठेवता येतं. क्रोमबुक घेणाऱ्यांनी मात्र लोकल खात्याचा विचार सोडावा, ते गूगलच्या खात्याभोवतीच बांधलेलं आहे.

दुकानात आधीच चालू करून घेतला असेल तर

सेटिंग्ज, अकाउंट्स, 'युवर इन्फो' उघडा. तिथे अनोळखी ईमेल दिसला, तर आपले फोटो आणि फाइली त्यात टाकण्याआधीच लॅपटॉप कोरा करा. सेटिंग्ज, सिस्टिम, 'रिकव्हरी', 'रीसेट पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. दीड-दोन तासांत पुन्हा देश निवडण्याचा पहिला पडदा येतो. विंडोज परत विकत घ्यावं लागत नाही. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीने दिलेल्या विंडोजची की मदरबोर्डच्या चिपमध्येच असते, लॅपटॉपखाली तिचं स्टिकर नसतं. "विंडोज टाकायचं म्हणजे कीचे वेगळे पैसे" असं कोणी म्हणालं तर हे सांगा. जुना लॅपटॉप विकत घेतलात तरी हेच करा, आणि विकणार असाल तर विकण्याआधी.

सोबतचं ऑफिस दुकानाच्या खात्यात आधीच चालू झालं असेल तर ते रीसेटने परत येत नाही. एका खात्यात गेलेला परवाना दुसऱ्या खात्यात सहज हलत नाही. बिल घेऊन लगेच दुकानात जा आणि पर्यायी परवाना किंवा त्याची किंमत मागा. तोंडी बोलणं झालं की तेच मेसेजवर लिहून पाठवा, म्हणजे तारीख राहते.

दुकान दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते, तिला पैसे पडत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, म्हणून "बिल नको, थोडं कमी करतो" या बोलीला भुलू नका, बिल नसेल तर पुढची कोणतीच दाद नीट मागता येत नाही. हेल्पलाइनवरही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूपोटी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. बिलाची प्रत, सीरियल नंबरचा फोटो, अनोळखी ईमेल दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो आणि दुकानाला पाठवलेला मेसेज एवढं सोबत जोडा.